डब्ल्यूच्या जागी टी

महाड, ता. १० मे १९६१

चि. महिपती यास,

तय्यब मास्तरकडून दुआ आणि आशीर्वाद.

शाळा सोडल्यापासून आठ वर्षांत तुझी मला तीन पत्रे आली आणि तिन्ही कामाची. तरी राग नाही. तुमच्या खोऱ्यात नवी शाळा निघते आहे आणि तिथल्या इंग्रजीच्या मास्तराच्या जागेसाठी तू अर्ज करतो आहेस, हे मी बेगमला, अमिरुन्निसाला, मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "कोण, तो वर्गात 'हाय' म्हणणारा?" मी म्हटले, तोच. आता तो आठवीच्या पोरांना इंग्रजी शिकवणार आहे. तिने लगेच खजूर काढून आणले. अजून जागा मिळायची आहे, असे मी सांगेपर्यंत तिचे दोन खाऊनही झाले होते.

तुला हवा होता तो दाखला सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे बंद पाकिटात दिला आहे. शाळा चालवणाऱ्या मंडळाला टाइप केलेली प्रत लागते असे तू लिहितोस. मंडळाच्या कचेरीतल्या मुरारी कारकुनाकडे यंत्र आहे म्हणे, त्यांच्याकडून नक्कल करून घे आणि माझा हस्ताक्षरातला कागद त्यांच्या फायलीला लावायला सांग.

दाखला नऊ ओळींचा आहे. त्या नऊ ओळींना मला चार दिवस लागले. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला आहे, त्यामुळे अक्षर ओळ सोडून पळते. तेवढे सांभाळून घ्या. पण शब्द एकही बदलू नका, स्वल्पविरामसुद्धा नाही. मी आजवर शंभरेक दाखले लिहिले असतील. त्यातले नव्वद एकाच साच्यातले. तुझा तसा नाही.

आईला सलाम सांग.

तुझा
तय्यब मास्तर

---

वरची वाडी, पोलादपूर, ता. ३ जून १९६१

गुरुवर्य तय्यब मास्तर यांस,

महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

जागा मिळाली नाही. नुसती मिळाली नाही असे असते तर मी गप्प बसलो असतो. मंडळाच्या ठरावाची नक्कल काल हातात आली, त्यातले वाक्य जसेच्या तसे लिहितो: "उमेदवार आपल्या प्रत्येक शब्दाने प्रामाणिक घराचा विश्वासघात करतो, असे खुद्द त्याच्या गुरूंनीच लिहून दिले असल्याने, अशा इसमाच्या हाती मुले सोपवणे मंडळास योग्य वाटत नाही."

मास्तर, मी कुणाच्या घराचा विश्वासघात केला? आपल्या दाखल्यातल्या तिसऱ्या ओळीचा त्यांनी हा अर्थ लावला आहे. "हिज एव्हरी वर्ड बिट्रेज अ‍ॅन ऑनेस्ट हाउस." बिट्रेचा दुसरा अर्थ उघड करणे, दाखवून देणे असाही होतो, हे आपण आम्हाला अकरावीत शिकवले होते. माझ्या बोलण्यातून प्रामाणिक घर दिसते, असे सरळ वाक्य आहे. मंडळातल्या एकालाही हे कळू नये? की कळून घ्यायचेच नव्हते?

ठराव कचेरीच्या भिंतीवर लावला होता. बाजाराला आलेल्या सगळ्यांनी वाचला, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवला गेला. माझ्या आधी आईच्या कानावर गेले. ती शेणाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली आणि मला विचारले, "कोनाला फसवलंस रे? खरं सांग. तुजा बापूस मेला तवा त्याच्या तोंडावर कोनाचा एक शबूद नव्हता." मी इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ तिला समजावू लागलो. ती म्हणाली, "दोन अर्थाचं बोलनं आपल्या घरात नाय."

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. तिने एकटीने नांगर धरून मला महाडला ठेवले. तिच्या घरावर हा डाग लागला आहे. नोकरी जाऊ दे, पण हे वाक्य ठरावातून निघाले पाहिजे. आपण काही करा.

आपला आज्ञाधारक
महिपती

---

महाड, ता. ६ जून १९६१

चि. महिपती यास,

तुझे पत्र वाचून माझे डोके भणाणले आहे, ते अजून शांत झालेले नाही. अमिरुन्निसाने दोनदा चहा ठेवला आणि दोनदा गार झाला.

आधी हे ऐक. मी बिट्रे लिहिलेच नव्हते. मी लिहिले होते बिरे. स्पेलिंग तेच, फक्त टीच्या जागी डब्ल्यू, आणि तो डब्ल्यू उच्चारात मुका. हा शब्द आता इंग्रजांच्या देशातही कुणी बोलत नाही. मला तो जुन्या पुस्तकांत भेटला. त्यांच्या जुन्या नाटकांत, धर्माच्या पोथ्यांत तो येतो. वेष पालटलेला राजपुत्र असतो, त्याला त्याची चाल बिरे करते. परक्या मुलखात तोंड लपवून बसलेला माणूस असतो, त्याला त्याची बोली बिरे करते. आतले बाहेर पडणे, पण आपण बाहेर टाकायला न जाता. फितूर माणसाला आपण काय करतो आहोत ते माहीत असते. बिरे करणाऱ्याला ते माहीत नसते. दोन शब्दांतला सगळा फरक एवढाच आहे आणि तो एका अक्षरावर उभा आहे.

सोपे उदाहरण देतो. जांभळे खाऊन पोर घरी येते आणि म्हणते, मी झाडावर गेलोच नाही. त्याची जीभ त्याला बिरे करते. आणि तू? आठवीत माझ्या वर्गात पहिल्या दिवशी हजेरीला "आहे"ऐवजी "हाय" म्हणालास. वर्ग हसला. तू मात्र हसणाऱ्यांकडे न बघता परत म्हणालास, "हाय, मास्तर." त्या एका शब्दात तुझी वाडी, तुझी आई, तुझे घर मला दिसले. तो दिवस आठवूनच मी ते वाक्य लिहिले. तीस वर्षे हा शब्द जपून ठेवला होता, कुणाच्या दाखल्यात घालावा असा कुणी भेटला नव्हता.

आणि त्या मुरारी कारकुनाने त्याचा टी केला. का, तर त्याला वाटले म्हातारा चुकला. ज्याला शब्दाचा गंध नाही तो शब्द सुधारायला बसतो, याचा मला आयुष्यभर संताप आला आहे. तुमच्या मंडळाबद्दल तर बोलायलाच नको. बिट्रे धरले तरी त्याचे दोन अर्थ आहेत. यांनी कोशातली पहिली ओळ वाचली आणि कोश मिटला. अर्धे वाचून पूर्ण माणसाची अब्रू घेतली.

मी आज अध्यक्षांना रजिस्टर पत्र टाकले आहे. त्यात शब्दाच्या गंधाचे वरचे वाक्य घातले आहे आणि साफ लिहिले आहे की मूळ कागदात फेरफार करणे हा गुन्हा आहे, तो कारकून त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही, आणि महिपतीचा फेरविचार झाला नाही तर मी हे प्रकरण जिल्ह्याला अलिबागेस नेईन. त्याचे नाव घेऊन लिहिले आहे. घ्यायलाच हवे होते.

तू मात्र एकदा इकडे ये. कागदावर मला सगळा राग नीट मांडता येत नाही.

तुझा
तय्यब मास्तर

---

वरची वाडी, ता. १९ जून १९६१

गुरुवर्य मास्तर यांस,

सा. नमस्कार.

आपल्या पत्राचा परिणाम झाला. मंडळाने तो ठराव भिंतीवरून काढला आणि मला ८ जुलैला परत मुलाखतीला बोलावले आहे. आता "दाखल्याच्या नकलेत चूक आढळून आल्याने" असे म्हणतात. अध्यक्ष बाजारात भेटले, स्वतःहून बोलले. जागा बहुतेक माझीच.

आपण आता अलिबागेस वगैरे जाऊ नये. झाले ते झाले. कारकून काय, हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर फार काही नको, असे मला वाटते. आपल्या शब्दाचा अर्थ वाचला. मी पूर्वी तो कधी ऐकला नव्हता, हे कबूल करतो. आमच्या शाळेतल्या लहान कोशात तो नाही.

आईची गोष्ट सांगतो म्हणजे आपल्याला बरे वाटेल. ठराव निघाल्याच्या आठवड्यातच ती बाजाराच्या दिवशी अध्यक्षांच्या किराणा दुकानात गेली. गिऱ्हाइके होती. तिने पदर खोचला आणि विचारले, "शेट, माजा लेक दगाबाज, असं तुमी भिताडावर लिवलंत. आता दगा कोनाला दिला त्याचं नाव बी लिवा खाली. मी वाचायला मानूस आनते." शेट म्हणाले, इंग्रजीतलं आहे बाई, तुम्हाला कळायचं नाही. ती म्हणाली, "मग मराठीत भिताडावर कशाला लावलात?" शेटनी तिला बसायला पाट दिला, ती बसली नाही.

पेरलेल्या भाताचे रोप वर आले आहे. कामाची घाई आहे. म्हणून इतक्यात महाडला येणे होत नाही. क्षमा असावी.

आपला
महिपती

---

मु. पोलादपूर, ता. २२ जून १९६१

श्री. तय्यब मास्तर, मु. महाड, यांस,

मुरारी कारकून याचा नमस्कार वि. वि.

आपली माझी ओळख नाही. आपण मला ओळखत नसताना माझ्याविषयी अध्यक्षांना पत्र लिहिले, ते त्यांनी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. मी तिथेच पाण्याचे तांबे भरत होतो. सगळे ऐकले. १५ तारखेपासून मला कामावरून कमी केले आहे.

मला टंकलेखन येते, इंग्रजी येत नाही. मुंबईत एका पेढीत दोन वर्षे होतो तिथे शिकलो. समोर जे अक्षर दिसेल ते दोन बोटांनी दाबायचे. कागदात वाघ असेल तर वाघ, बकरी असेल तर बकरी. मास्तर, मला अर्थ कळत नाही म्हणूनच मी अक्षर बदलत नाही. बदलतो तो, ज्याला कळते.

आपण लिहिले आहे की ज्याला गंध नाही तो सुधारायला बसतो. हे वाक्य आता पोलादपुरात सगळ्यांच्या तोंडी झाले आहे. माझ्या थोरल्या मुलीला ते शाळेत ऐकवले गेले.

आपला मूळ कागद फायलीत होता. मी निघताना तो मागून घेतला, कारण माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. तो या पत्रासोबत पाठवीत आहे. तिसरी ओळ खिडकीपाशी धरून पाहावी. त्या अक्षराखालचा कागद पातळ झाला आहे. तिथे पाते चालवलेले आहे. माझ्या कचेरीत पाते नाही, मी पेन्सिलही विळीवर तासतो. आणि वरची शाई आपली नाही. आपली निळी आहे, ती काळी आहे.

कोणी केले ते मी म्हणत नाही. मी पाहिलेले नाही आणि न पाहता कुणाचे नाव घेऊ नये, असे मला वाटते.

कागद परत पाठवावा.

आपला
मुरारी

---

महाड, ता. २५ जून १९६१

महिपती,

सोबत कागद नाही, तो माझ्याकडेच ठेवला आहे. खिडकीपाशी धरून पाहिला. माझा डोळा अधू असला तरी एवढे दिसते.

काळ्या शाईचा टी, खाली डावीकडे वळवलेला. तो वळसा मी तुझ्या वह्यांत चार वर्षे पाहिला आणि चार वर्षे सोडवायचा प्रयत्न केला. तो सुटला नाही.

तू महाडला का येत नाहीस ते आता कळले. मी वेड्यासारखा भाताच्या रोपाला दोष देत होतो.

मला एकाच गोष्टीचे उत्तर हवे आहे. माझे ६ जूनचे पत्र तुझ्या हातात पडले तेव्हा तुला कळले की कारकुनावर आळ आला आहे. १९ तारखेला तू मला लिहिलेस, आईची गंमत सांगितलीस, रोपाची हकिकत सांगितलीस. त्याच पत्रात लिहिलेस, "त्याच्यावर फार काही नको." तोवर त्याचे काम जाऊन चार दिवस झाले होते. तुला ते माहीत होते की नव्हते?

तय्यब

---

वरची वाडी, ता. ३० जून १९६१

मास्तर,

माहीत होते.

कागद हातात आला त्या दिवशी मी तो चार वेळा वाचला. इतके चांगले माझ्याबद्दल कुणी लिहिले नव्हते. तिसऱ्या ओळीत अडलो. तो शब्द मला माहीत नव्हता. लहान कोश काढला, त्यात नव्हता. मला वाटले, मास्तरांचा डोळा, हात घसरला, बिट्रेच्या टीचा डब्ल्यू झाला. मंडळातले कुणीतरी हसेल, म्हणेल, असल्या मास्तरकडे हा इंग्रजी शिकला. तुमच्यावर कुणी हसलेले मला चालले नसते. दाढीच्या पात्याने खरवडले आणि टी केला. मला वाटले, मी तुमची लाज राखली. अर्थ तोच राहत होता, तुम्हीच शिकवलेला. ठराव आला तेव्हा माझा राग खरा होता. त्या दिवसापर्यंत मी तुमच्याशी एक अक्षर खोटे बोललेलो नाही.

तुमचे ६ तारखेचे पत्र आले तेव्हा कळले. तुम्ही कारकुनाचे नाव घेऊन पत्र टाकूनही मोकळे झाला होतात. मी लगेच लिहायला बसलो होतो. तेवढ्यात फेरमुलाखतीचा निरोप आला. आई त्या दिवशी देवाला नारळ फोडून आली. मग नाही लिहिले.

मुरारीभाऊंचे काम गेल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. मला वाटले होते, दम देऊन सोडतील.

आता ८ तारखेला काय करू ते सांगा. मी खरे बोललो तर दाखला खरवडणारा म्हणून मला या खोऱ्यातच काय, कुठल्याच शाळेत उभे करणार नाहीत. एक वाट दिसते. राग मानू नका. आपण मंडळाला एवढेच लिहावे की मोतीबिंदूमुळे टी आपल्याच हातून पडला आणि नंतर आपणच तो गिरवला. कुणाचेच काही जाणार नाही. मुरारीभाऊ परत कामावर येतील, जागा मला मिळेल. आपण निवृत्त आहात, आपल्याला कोण काय विचारणार?

महिपती

---

महाड, ता. ३ जुलै १९६१

महिपती,

नाही.

तुझे पत्र मी अमिरुन्निसाला वाचून दाखवले नाही. तिने विचारले, मी म्हटले, रोपाबद्दल आहे. म्हणजे तुझ्यापायी या घरातही खोटे शिरले.

तू शब्द बदललास त्याचा मला राग आला होता, तो उतरला. बिट्रेचा दुसरा अर्थ तू लक्षात ठेवलास, मी शिकवलेले अकरावीच्या पोरांपैकी एकाने तरी लक्षात ठेवले. माझी लाज राखायला गेलास, तेही मानतो. मला विचारले असतेस तर बरे झाले असते. एका पोस्टकार्डाचे काम होते.

पण पुढचे? एका माणसाचे काम गेले, त्याच्या मुलीला शाळेत टोमणे बसले, आणि तू मुलाखतीला नेसायचे धोतर घडी घालून ठेवलेस. आणि आता मला म्हणतोस, मास्तर, तुम्ही एक सही करा. ज्या हाताने मी तुझ्या घराच्या प्रामाणिकपणाचा दाखला लिहिला त्याच हाताने. तुला हे लिहिताना काहीच वाटले नाही?

मी चाळीस वर्षे शिकवले. निवृत्त झालो म्हणून माझे नाव आता कुणीही वापरायला मोकळे झाले असे तुला वाटत असेल, तर माझ्या शिकवण्यात मोठी खोट राहिली.

आठ तारीख तुझी आहे. मी मंडळाला काहीही लिहिणार नाही, तुझ्या बाजूने नाही आणि तुझ्याविरुद्धही नाही. मूळ कागद मी मुरारी यांना आजच्या टपालाने परत पाठवला आहे.

तय्यब

---

वरची वाडी, ता. १३ जुलै १९६१

मास्तरांना ठकूबाईचा रामराम.

ह्ये पत्र मुरारीभाऊ लिवतायत. मी सांगत्ये तसं लिवा, एक शबूद बी बदलायचा नाय, असं मी त्यानला बोलले. ते बोलले, मी कदीच बदलत नाय. तसेच लिवतायत.

तुमचं तीन तारखेचं पत्र आलं. महिपतीनं वाचून दाखवलं नाय. मास्तरांचं पत्र येतं तवा तो नेहमी मोठ्यानं वाचतो. मी बोलले, वाच. तो बोलला, काय नाय, रोपाबद्दल हाय. मी बोलले, मास्तर महाडात बसून माज्या रोपाबद्दल काय लिवनार? मग तो खाली बसला आनि सगळं सांगितलं. रडला. मी त्याला रडू दिला. मग बोलले, ऊठ.

आठ तारखेला मी त्याच्याबरोबर गेले. साहेबलोक आत बसले होते. मी दारात थांबले. तो बोलला, "अक्षर मी खरवडलं. मुरारीभाऊंचा काय बी दोष नाय. मला म्हाईत होतं आनि मी गप बसलो." शेट बोलले, म्हंजे तू दगाबाजच निघालास, आमचा ठराव बरोबर होता. मला लई राग आला. मी आत गेले. बोलले, "शेट, जवा तुमी लिवलंत तवा ते खोटं होतं. त्यानं दगा दिला तो त्याच्यानंतर, आनि तो त्यानं आपल्या तोंडानं सांगितला. तुमी भिताडावर लावलेलं तुमी कदी सांगितलंत का, आमचं चुकलं म्हनून?"

मुरारीभाऊंना परत घेतलं. दुसऱ्याच दिवशी. महिपतीला लिवून दिलं की मंडळाच्या कुठल्या बी शाळेत त्याला कदी घेनार नाय. तो आता लावनीला उतरलाय. तोंड वर करत नाय. चिखलात कामाला तो पयल्यापासून बरा हाय. मी त्याला काय बोलत नाय. जेवायला वाढत्ये.

आता तुमचं. मास्तर, तुमी माज्या लेकाला लई बोललात. बोलायलाच हवं होतं. पन तुमी मुरारीभाऊंना न बघता, न विचारता, चार मानसांत वाईट बोललात. तुमच्या पत्राला घाबरून त्यांचं काम काढलं, माज्या लेकाला घाबरून नाय. महिपती गप बसला ते पाप त्याचं. पन आधी तोंड तुमी उगडलंत. तुमी दोन पत्रं लिवलीत माज्या लेकाला त्याच्यानंतर, मी दोनी वाचून घेतली. त्यात मुरारीभाऊंच्यासाठी एक शबूद नाय. कागद परत पाठवलात, त्याच्याबरोबर चिठ्ठी बी नाय.

माजा लेक चुकला, ते त्यानं साऱ्या मंडळासमोर सांगितलं. त्याची नोकरी गेली. तुमची तर जायला नोकरी बी नाय.

मुरारीभाऊ ह्ये लिवायला तयार नव्हते. मी बोलले, लिवा, नायतर मी महाडला चालत येत्ये आनि दारात उभी राहून बोलत्ये.

तुमच्या घरच्यांना माजा रामराम सांगा.

ठकूबाई, तिचा अंगठा

---

महाड, ता. १७ जुलै १९६१

श्री. मुरारीभाऊ यांस,

ठकूबाईंनी सांगितलेले आणि तुम्ही लिहिलेले पत्र मिळाले. या खेपेला अमिरुन्निसाला मोठ्याने वाचून दाखवले. तिने ऐकून पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "बाईंना काय उत्तर देणार?" मी म्हटले, बाईंना नाही, आधी मुरारीभाऊंना.

मी तुम्हाला न पाहता, न विचारता, तुमच्यावर आळ घेतला. माझा एक आवडता शब्द कुणीतरी बिघडवला याचा मला इतका राग आला की बिघडवणारा कोण हे शोधायची मला गरज वाटली नाही. जो हाताशी होता त्याला धरले. तुमच्या मंडळाने महिपतीला जे केले तेच मी तुम्हाला केले. त्यांनी कोशातली पहिली ओळ वाचली, मी तेवढेही वाचले नाही.

तुमचे २२ तारखेचे पत्र आल्यावर मला हे कळले होते. तरीही मी लिहिले नाही. महिपतीला खडे बोल सुनावताना मला स्वतःकडे पाहायला सवड नव्हती, किंवा पाहायचे नव्हते. यात माझ्या डोळ्याचा दोष नाही.

माझी चूक झाली. मला माफ करा. मुलीलाही हे सांगा, आणि माझे नाव घेऊन सांगा.

अध्यक्षांना मी वेगळे पत्र लिहिले आहे. माझे ६ जूनचे पत्र जसे बैठकीत वाचले गेले, तसेच हेही बैठकीत वाचावे अशी विनंती केली आहे. ते वाचतील याची मला खात्री नाही. म्हणून शनिवारच्या पहिल्या गाडीने मी पोलादपूरला येत आहे. कचेरी उघडायच्या वेळी दारात थांबेन. जे तेव्हा कागदावर म्हटले होते ते चुकीचे होते, हे मला सगळ्यांसमोर तोंडाने म्हणायचे आहे. तिथून वाडीवर जाईन. महिपतीला सांगू नका, लावणी सोडून पळेल.

तुमचा
तय्यब